सोवळे, ओवळे आणि हातमोजे

दंतवैद्याच्या हातांतील रबरी मोजे आज आपण गृहीत धरतो. परंतु हा रिवाज फार जुना नाही. शस्त्रक्रियागृहात हातमोजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले. दंतचिकित्सेत मात्र १९८० च्या दशकापर्यंत बहुतेक ठिकाणी उघड्या हातांनीच काम चाले. रक्तातून पसरणाऱ्या 'ब' प्रकारच्या काविळीने दंतवैद्य स्वतः आजारी पडत; तरीही सवय मोडली नाही. ती मोडली एड्सच्या भीतीने.

अशा भीतीतून दोन वाटा फुटतात. पहिली वाट धोकादायक माणूस हुडकून त्याला दूर ठेवण्याची. ती आपल्याला परकी नाही. सोवळे स्नानाने मिळे हे खरे; पण ते कोणाला मिळू शकते, हे जन्मानेच ठरलेले असे. दुसरी वाट अमेरिकेतील सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने आखली. १९८६ मध्ये तिने दंतचिकित्सेसाठी शिफारशी केल्या आणि १९८७ मध्ये सार्वत्रिक दक्षतेचे तत्त्व मांडले : प्रत्येकाचे रक्त संसर्गजन्य आहे असे समजूनच वागावे. रुग्ण कोण, हा प्रश्नच त्यामुळे गैरलागू ठरला.

या तत्त्वाची कसोटी लगेच लागली. १९९० मध्ये फ्लोरिडातील एका दंतवैद्याकडून रुग्णाला एचआयव्हीची लागण झाल्याचे वृत्त आले; पुढे अशा रुग्णांची संख्या सहा झाली. लागण नेमकी कशी झाली, हे कधीच निश्चित झाले नाही. समाजात घबराट पसरली. १९९३ च्या सुधारित शिफारशींनी मात्र माणसांकडे नव्हे, उपकरणांकडे बोट दाखवले. दात कोरण्याच्या हँडपीसमध्ये रक्त व लाळ आत ओढली जाऊ शकते. म्हणून तो नुसता रसायनाने पुसणे पुरेसे नाही, प्रत्येक रुग्णानंतर उष्णतेने निर्जंतुक केला पाहिजे.

तरीही १९९४ मध्ये मेन राज्यातील बँगोर येथे सिडनी ॲबट यांनी आपल्याला एचआयव्ही असल्याचे सांगताच रँडन ब्रॅग्डन या दंतवैद्याने आपल्या दवाखान्यात त्यांचा किडलेला दात भरण्यास नकार दिला. रुग्णालयात भरू, पण तिथला खर्च तुम्ही सोसा, असा त्यांचा प्रस्ताव होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९८ मध्ये न्यायालयाने ठरवले, की लक्षणे नसलेल्या एचआयव्हीबाधितांनाही अपंगत्वविषयक कायद्याचे संरक्षण आहे. आणि धोका दंतवैद्याच्या प्रामाणिक समजुतीवरून नव्हे, वस्तुनिष्ठ वैद्यकीय पुराव्यावरून मोजावा. फेरविचारासाठी प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परतले, तेव्हा त्याच वर्षी निकाल पुन्हा ॲबट यांच्या बाजूने लागला. त्या निकालाला आधार होता १९९३ च्या शिफारशींचा.

हातमोजे आणि ऑटोक्लेव्ह यांच्याविषयीचे एक रूक्ष पत्रक न्यायालयात माणसाच्या प्रतिष्ठेचा पुरावा ठरले, हे वाङ्मयाच्या अभ्यासकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. शुद्धतेची आपली जुनी शब्दकळा व्यक्तीला विशेषणे लावते. निर्जंतुकीकरणाची भाषा मात्र कृतीविषयी बोलते : हत्यार किती तापवले, किती वेळ, दोन रुग्णांच्या मध्ये मोजे बदलले की नाही. ज्या दवाखान्यात ही कृती चोख होते, तिथे कोणालाही दाराबाहेर ठेवण्याचे कारण उरत नाही.