डेमलो संख्या आणि देवळालीचे मास्तर

प्रवरा नदीवरील भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. अशा बांधकामांत अंकगणिताची योग्यता सर्वांस पटते. पाणी किती सांठेल, भिंत किती रुंद हवी, कालव्यास उतार किती द्यावा, ह्यांचीं उत्तरें हिशेबावांचून मिळत नाहींत. परंतु ज्या हिशेबानें थेंबभरहि पाणी अडत नाहीं, त्याला कांहीं मोल आहे काय? भंडारदऱ्याच्या उत्तरेस, शेजारच्या नाशिक जिल्ह्यांतील देवळालीच्या एका शाळामास्तरांनीं आपलें आयुष्य अशाच हिशेबांस वाहिलें.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर ह्यांचा जन्म १९०५ सालीं डहाणूस झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत असतां १९२७ मध्यें त्यांस रँग्लर परांजपे ह्यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक मिळालें. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनीं देवळालीस शिक्षकाचें काम केलें. मुंबईजवळील डोंबिवली स्टेशनांत त्यांना एका जातीच्या संख्यांची कल्पना सुचली, आणि डोंबिवलीच्या ‘डेमलो’ ह्या जुन्या नांवावरून त्यांनीं त्यांस डेमलो संख्या म्हटलें.

श्रोत्यांनीं क्षणभर पाटी-पेन्सिल जवळ घ्यावी. ११ चा वर्ग १२१. १११ चा १२३२१. ११११ चा १२३४३२१. असें करीत नऊ वेळां एक लिहून झालेल्या संख्येचा वर्ग केला, म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या येते. ती उलट वाचली तरी तीच. तिच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे पुन्हा नऊचा वर्ग.

ह्यांत जादू नाहीं. शाळेच्या रीतीनें गुणाकार मांडला कीं एकांच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकत जातात. उभ्या रांगांची बेरीज एकपासून चढत मध्यें नऊ होते व पुन्हा उतरते. नऊपर्यंत हातचा येत नाहीं, म्हणून डौल टिकतो. दहा एकांच्या संख्येचा वर्ग करतांच मध्यें हातचा येतो, उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असें पडतें, आणि चढत्या बाजूचा आठ नाहींसा होतो.

कापरेकरांचा डेमलो संख्यांवरील लेख १९३८ सालीं ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ ह्या नियतकालिकांत छापला गेला. तथापि त्या काळच्या पुष्कळ भारतीय गणितज्ञांस हें काम क्षुल्लक वाटे. ६१७४ ह्या संख्येचा त्यांनीं शोधलेला गुणधर्महि जगभर पोंचला तो बऱ्याच उशिरां, १९७५ मध्यें अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर ह्यांनीं कापरेकरांविषयीं लिहिल्यावर. कापरेकर १९८६ सालीं वारले.

क्षुल्लक म्हणणाऱ्यांस उत्तर त्या एकांच्या रांगेंतच आहे. नऊ एकांची संख्या ९, ३७ आणि ३३३६६७ ह्यांच्या गुणाकारानें होते. उलट दोन एकांची, एकोणीस एकांची व तेवीस एकांची ह्या मूळ संख्या आहेत. एक व स्वतः ह्यांवांचून त्यांस दुसरा भाजक नाहीं. अशा मूळ संख्या अनंत आहेत कीं कोठें तरी संपतात, हें आजवर कोणासहि सिद्ध करतां आलेलें नाहीं. पाटीवर मुलाला लिहितां येणारी ही रांग थोर गणितज्ञांसहि अद्यापि अडवून धरते.