ग्रामसभा गेली कुठे?

आजचा एपिसोड एका तारखेवर आहे, 1 जानेवारी 1992. त्या दिवशी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली. आणि नेमका त्याच दिवशी तिकडे फिलिपिन्समध्ये स्थानिक स्वराज्याचा नवा कायदा लागू झाला. निव्वळ योगायोग, दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघितलं की आपल्या गावांचं काय झालं ते कळतं.

वाशी, नेरुळ, घणसोली ही आपल्यासाठी स्टेशनांची नावं. आधी ती गावं होती. आगरी-कोळी वस्ती, भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी. 17 मार्च 1970 ला सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या. मोबदल्यावरून संघर्ष पेटला. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक गेले. नेतृत्व दि. बा. पाटलांचं, विमानतळाला ज्यांचं नाव द्या म्हणून 2021 मध्ये लोक रस्त्यावर उतरले, तेच. साडेबारा टक्के भूखंडांची योजना याच लढ्यातून आली.

ही जमिनीची गोष्ट इथे घराघरात माहीत आहे. पण जमिनीपाठोपाठ ग्रामपंचायतही गेली, त्यावर फारसं कोणी बोलत नाही.

आता ग्रामपंचायत म्हटलं की आपल्याला सरपंच आठवतो. खरी गंमत ग्रामसभेत आहे. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सभासद. निवडून यावं लागत नाही. उभं राहायचं आणि विचारायचं, गटाराचे पैसे कुठे गेले? महापालिका आली की हे संपतं. गाव प्रभागाचा तुकडा होतं, सरपंचाच्या जागी नगरसेवक येतो, आणि कारभाराची सूत्रं असतात आयुक्तांकडे, ज्यांना राज्य सरकार नेमतं. आपल्याकडे तर महापालिका 1992 ची आणि पहिली निवडणूक 1995 ला! मधली तीन वर्षं सगळा कारभार प्रशासकाचा.

फिलिपिन्सच्या कायद्याने उलट केलं. तिथला सगळ्यात खालचा स्तर म्हणजे बारांगाय. हा शब्द होडीच्या जुन्या नावावरून आलाय, कोळीवाड्यातल्या मंडळींना आवडेल. प्रत्येक बारांगायला निवडून दिलेला प्रमुख आणि सात सदस्य असतात, शिवाय तरुणांचा एक प्रतिनिधी. वर्षातून किमान दोनदा रहिवाशांची सभा, आणि तिथे 15 वर्षांच्या मुलालाही बसता येतं. मुख्य म्हणजे गावाचं शहर झालं तरी बारांगाय राहतो. खुद्द मनिलातही आहेत. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही, घराणेशाही आपल्यासारखीच. पण दार तरी आहे.

आपल्याकडे एक प्रयोग झाला होता. शिळफाट्याच्या पलीकडची 14 गावं, दहिसर, पिंपरी, उत्तरशिव, गोठेघर वगैरे, आधी महापालिकेत होती. कर वाढेल, मिळणार काही नाही, म्हणून लोकांनी विरोध केला आणि 2007 मध्ये ती वगळली गेली. पुन्हा ग्रामपंचायती, पुन्हा ग्रामसभा. पण ग्रामसभेत प्रश्न विचारून पाण्याची मोठी लाइन येत नाही, त्याला पैसा लागतो. गोदामं वाढली, रस्ते आणि पाणी तसंच राहिलं. मग त्याच गावांतून मागणी सुरू झाली, आम्हाला परत घ्या. माझ्या मते यात दुटप्पीपणा काही नाही. त्यांना दोन्ही हवं होतं, नळही आणि प्रश्न विचारायची जागाही. आपल्या कायद्याने दोनपैकी एकच निवडायला लावलं.

2024 मध्ये सरकारने ही गावं परत महापालिकेत घेतली. तेव्हा महापालिकेत नगरसेवक किती होते? शून्य. एप्रिल 2015 ला निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मे 2020 मध्ये संपली होती, आणि सगळा कारभार पुन्हा प्रशासकाच्या हातात होता.