हट्टा: दोन अक्षरे, पंधरा बाइट

लिपी आणि यंत्र यांच्या नात्याचा इतिहास मराठीत बहुधा छापखान्यापाशी येऊन थांबतो. देवनागरीच्या शेकडो खिळ्यांची संख्या घटवण्यासाठी लोकमान्य टिळकांनी खटपट केली. सावरकरांनी ‘अ’चीच बाराखडी सुचवली. यंत्रासाठी लिपीने किती वाकावे, हा त्या चर्चेचा गाभा होता. छपाईचे तंत्र बदलले, प्रश्न मात्र संगणकाकडे गेला.

‘गो’ ही संगणकभाषा शिकू लागणाऱ्याला तो प्राथमिक धड्यांतच भेटतो. रॉबर्ट ग्रीसमर, रॉब पाइक आणि केन थॉम्प्सन यांनी २००७ मध्ये गूगलमध्ये तिची आखणी सुरू केली. २००९ च्या नोव्हेंबरात ती जाहीर झाली आणि २०१२ च्या मार्चमध्ये तिची पहिली स्थिर आवृत्ती आली. यांपैकी थॉम्प्सन आणि पाइक यांनीच सप्टेंबर १९९२ मध्ये, न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखाली अंथरायच्या कागदावर ‘यूटीएफ-८’ ही संकेतपद्धती मांडली होती. साऱ्या लिप्या एकाच मजकुरात नांदाव्यात, हा तिचा हेतू. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही भारतीय ‘इस्की’ प्रमाणावरून घेतलेली आहे. गोचा मूळ मजकूर यूटीएफ-८ मध्येच लिहिला जातो; तिच्या परिचयपाठातल्या पहिल्या उदाहरणात ‘हॅलो’च्या पुढे ‘जग’ हा शब्द चिनी लिपीत उमटतो.

आता हिंगोली जिल्ह्यातल्या, वसमत तालुक्यातील ‘हट्टा’ या गावाचे नाव घेऊ. छंदशास्त्राच्या हिशेबी ही दोन अक्षरे, दोन्ही गुरू. म्हणजे चार मात्रा. गोला या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर येते १५, कारण ती बाइट मोजते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. तेच नाव ‘रून’ या एककाने मोजले तर पाच: ह, ट, हलन्तचिन्ह, ट आणि काना. दोन, चार, पाच, पंधरा; यांतले एकही उत्तर चूक नाही. मोजायचे काय, हे आधी ठरवावे, एवढाच धडा.

पेच पुढे आहे. गोमध्ये चलाला ‘घर’ हे नाव देता येते, ‘गाव’ देता येत नाही. ‘हट्टा’ तर नाहीच. नावात युनिकोडमधील ‘अक्षरे’, अंक आणि अधोरेखा एवढेच चालते, आणि काना, वेलांटी, हलन्त यांची गणना तिथे ‘अक्षरां’त होत नाही. शिवाय एका पॅकेजमधले नाव दुसऱ्या पॅकेजला उपलब्ध व्हायचे तर त्याचा आरंभ मोठ्या लिपीतल्या अक्षराने व्हावा लागतो; देवनागरीत मोठी आणि लहान लिपी असा भेदच नाही. हे तांत्रिकदृष्ट्या अटळ होते, असेही म्हणता येत नाही. २००८ मध्ये आलेल्या पायथॉन ३ मध्ये ‘हट्टा’ हे नाव निर्वेध चालते.

आपल्या परंपरेत ‘गा’ हे एक अक्षर आहे, ‘ग’ला चिकटलेली खूण नव्हे. गोच्या नियमाने ‘अक्षर’ ही कल्पना रोमन लिपीच्या मापाने बेतली आणि सर्व लिप्यांना लावली. टिळकांच्या काळी अडचण शिशाच्या खिळ्यांची होती, म्हणून तडजोड समजण्याजोगी होती. इथे अडसर व्याख्येचा आहे. आणि व्याख्या तपासणे हे केवळ संगणकतज्ज्ञांचे काम नाही. अक्षर म्हणजे काय, हे शिकवणाऱ्या आपल्या वर्गांतही या प्रश्नाला जागा हवी.