वाटसरूचं घर विकायला निघतं तेव्हा

आज आपण धर्मशाळेबद्दल बोलणार आहोत. पंढरपूर-आळंदीच्या मोठ्या धर्मशाळा तुम्ही पाहिल्याच असतील. आम्ही बोलतोय ती जुन्या वाटेवरच्या गावात, वेशीपाशी किंवा देवळाला लागून असते ती. दगडी जोतं, लाकडी खांब, भिंतीत कोनाडे, जवळ विहीर आणि एक बाजू सताड उघडी.

अशा जागांचं आज काय झालंय? कुठे अंगणवाडी भरते, कुठे कडबा रचलेला असतो, कुठे नुसतं गवत माजलंय. आणि कुठे कुठे विकायची बोलणी चालतात. जागा मोक्याची, लाकूड जुनं सागवानी, दोन खोल्या पाडल्या की झालं घर. घेणारा पहिलं काम करतो ते उघड्या बाजूला भिंत घालायचं. ती भिंत उठली की गावाची एक वस्तू एका घराची होते. मग प्रश्न येतो, ती वस्तू विकायचा हक्क कुणाचा होता?

याचं उत्तर शोधायला थोडं मागे जाऊ. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात एक शिलालेख आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात त्यात आपली दानं सांगतो. भडोच, मंदसोर, नाशिकजवळचं गोवर्धन आणि सोपारा इथे त्याने वाटसरूंसाठी चौसोपी विसावे बांधले. सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा. नद्यांवर फुकट होड्याही ठेवल्या. त्याच लेण्यात त्याची बायको दक्षमित्रा हिच्या नावाचाही लेख आहे. तिने भिक्षूंना राहायला एक खोली दिली. त्या खोलीला लेखात शब्द आहे 'ओवरक'. देवळाच्या आवारातली आपली ओवरी त्याच शब्दाच्या कुळातली. म्हणजे आल्यागेल्याला निवारा देण्याची ही रीत आपल्याकडे किती जुनी आहे बघा. आणि त्यात बाईचं नाव तेव्हापासून आहे.

बाईचं नाव म्हटलं की अहिल्याबाई होळकर आठवतातच. चोंडीला १७२५ साली जन्मलेली ही लेक १७६७ ते १७९५ इंदूर राज्याचा कारभार पाहत होती. काशीपासून रामेश्वरापर्यंत तिने घाट, विहिरी, धर्मशाळा उभ्या केल्या. हा पैसा आला कुठून, ते ऐकण्यासारखं आहे. पेशव्यांनी १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे वेगळी मिळकत लावून दिली होती. तिला 'खासगी' म्हणत. सरकारी खजिना वेगळा, खासगी वेगळी. सासूमागे ती सुनेकडे आली आणि अहिल्याबाईंनी दानधर्माचा खर्च तिच्यातून केला. स्वतःच्या हक्काची मिळकत हाती असली की बाई काय उभं करू शकते, याचा यापेक्षा मोठा दाखला कुठे मिळणार?

पण मैत्रिणींनो, धर्मशाळेचा इतिहास नुसता पुण्याचा नाही. एक बाजू उघडी होती म्हणून सगळ्यांना आत जागा होती असं नाही. दलित वाटसरूला पावसापाण्यातसुद्धा बाहेरच थांबावं लागे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडून मंजूर करून घेतला, की सार्वजनिक पैशातून बांधलेली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात. महाडचा १९२७ चा सत्याग्रह याच ठरावाची अंमलबजावणी मागत होता. आपण त्यातलं पाणी लक्षात ठेवतो. ठरावात धर्मशाळाही होती.

त्याच काळात गाडगेबाबांनी पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा उभारली. ज्या वारकऱ्यांना दुसरीकडे उंबरा ओलांडता येत नव्हता, त्यांना तिथे हक्काने पाठ टेकता आली. पुढे १९४९ साली बाबांनी ही जागा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, मुलांच्या शिक्षणासाठी. नाशिक, देहू, आळंदी, मुंबई, अशा किती ठिकाणी बाबांनी धर्मशाळा बांधल्या. स्वतःच्या मालकीचं घर मात्र बांधलं नाही. लोकांच्या पैशाने उभं राहिलेलं लोकांचं, हा त्यांचा साधा हिशोब.

१९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला. त्यात धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना ही नावं तर आहेतच, पण तिथे लोकांसाठी ठेवलेली भांडीसुद्धा आहेत. ती भांडी वापरू न देणं हा गुन्हा ठरला. कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं, की भेद चुलीपाशी आणि तांब्याशीच सुरू होतो.

मग धर्मशाळा ओस का पडल्या? कारण पायी चालणारा कमी झाला. १८५३ ला मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि पुढे ती घाट चढून आली. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-अहमदनगर धावली. बैलगाडीचा दोन मुक्कामांचा पल्ला एका दिवसात होऊ लागला. जिथे मुक्कामच नाही, तिथे झाडलोट कोण करणार? छप्पर गळायला लागलं, विश्वस्त वारले, कागद कुणाच्या तरी पेटीत राहिले. आणि वापर थांबलेली जागा बेवारस दिसू लागते.

अहिल्याबाईंच्या दानालाही हे चुकलं नाही. खासगीची देवळं, घाट, धर्मशाळा सांभाळायला १९६२ साली एक न्यास झाला. पुढे त्यातल्या काही मालमत्ता विकल्या गेल्या आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२२ साली न्यायालयाने सांगितलं, की हा न्यास सार्वजनिक आहे, त्याची नोंदणी झाली पाहिजे आणि झालेल्या विक्रीत न्यासाचं नुकसान झालं का, हे निबंधकांनी तपासावं. राणीने बांधलेल्या जागेची ही गत, तर आपल्या वेशीवरच्या धर्मशाळेची राखण कोण करणार?

राखण कागदापासून सुरू होते. धर्मशाळा सार्वजनिक न्यासाची असेल, तर १९५० च्या न्यास कायद्याचं कलम ३६ लागू होतं. धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी घेतल्याशिवाय ती विकता येत नाही, बक्षीस देता येत नाही, तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्यानेही देता येत नाही. न्यासाची नोंद धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत असते आणि तिथे मिळकतीही लिहिलेल्या असतात. धर्मशाळा ग्रामपंचायतीची असेल, तर विकायला जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची आधी मंजुरी लागते. सरपंचाने एकट्याने ठरवून भागत नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. प्रत्येक जुनी धर्मशाळा सार्वजनिक नसते. एखाद्या सावकाराने आपल्या जागेत, आपल्या पाहुण्यांसाठी बांधलेली वास्तू त्याच्या वारसांची असू शकते. त्यांनी विकली तर त्यात गैर काही नाही. आणि ओस पडून कोसळण्यापेक्षा एखाद्या कुटुंबाने तिथे दिवा लावला, छप्पर शाकारलं, तर वास्तू जगते हेही खरं. न्यासालाही कधी विकण्यावाचून गत्यंतर नसतं. मात्र परवानगी घेऊन, रास्त किमतीला विकावं आणि ते पैसे न्यासाच्या कामालाच लागावेत. खटकते ती गुपचूप झालेली विक्री. कुणाला न विचारता कागदावर एखाद्याचं नाव चढतं आणि गावाला कळतं ते भिंत उभी राहिल्यावर.

म्हणून आमचं एवढंच सांगणं आहे. नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते, हे तुम्हाला माहीत आहे. पुढच्या सभेत विचारा: आपल्या गावात धर्मशाळा आहे का? मिळकतीच्या नोंदीत ती कुणाच्या नावावर आहे? न्यासाची असेल तर विश्वस्त कोण, त्यातले हयात किती? उत्तर लेखी मागा. जोडीला गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, तिथे कोण उतरायचं, कोणाला ओट्यावरच थांबवायचे, पाणी कोण भरायचं. हे कुठल्या दप्तरात लिहिलेलं नाही, त्यांच्याबरोबरच ते जाईल.

जागा गावाची निघाली, तर ती वापरात आणा. बचत गटाची बैठक तिथे भरू द्या, वारीच्या दिवसांत वाटसरू उतरू द्या, ऊसतोडीला निघालेली बाई लेकरू घेऊन घटकाभर टेकू द्या. रोज झाडलेल्या जागेवर सहसा कुणी परस्पर नाव चढवत नाही.

पुढच्या वेळी गावच्या बारवेबद्दल बोलू. तोवर रामराम.