माहेरकडील वंशशोध (बेळगाव-निपाणी सीमाभाग)

ब्रिटिश अमदानीतील एखाद्या स्त्रीचे माहेरचे कूळ जुन्या कागदांतून व मौखिक परंपरेतून हुडकण्याचे काम. यातली पहिली अडचण नावाची. लग्नात ताटातल्या तांदळावर नवे नाव लिहिले जाई आणि माहेरची ‘कृष्णा’ सासरच्या दप्तरी ‘लक्ष्मीबाई’ होई. जमिनीच्या कागदांत तर ती बहुधा विधवा झाल्यावर, वारस म्हणूनच दिसते.

मुख्य आधार हेळवी या वंशावळ सांगणाऱ्या जमातीचा. हेळवी बैल घेऊन गावोगाव फिरतात, ठरलेल्या घरांपुढे पिढ्या म्हणून दाखवतात आणि धान्य, कापड वा पैसे घेतात. ‘हेळव’ हा कन्नड शब्द पांगळा या अर्थाचा. मूळपुरुष पांगळा असल्याने त्याला बैल मिळाला, अशी आख्यायिका आहे. मात्र ही वंशावळ पुरुषांची असल्याने बाईसाठी तिच्या भावाचे घर गाठावे लागते. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यांच्या नामावळी येथे अधिक उपयोगी, कारण श्राद्धात आई, आजी, पणजीबरोबर आईच्या वडिलांचे, आजोबांचे नावही उच्चारतात. ‘-कर’ आडनावावरून मूळ गाव कळते. देसाई, पाटील यांवरून फक्त वतन.

1886 च्या कायद्याने जन्म-मृत्यूची नोंद ऐच्छिक होती. 1969 च्या कायद्याने ती सक्तीची झाली. हा सीमाभाग 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, नंतर तो म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेला. त्यामुळे जुने मराठी कागद पुष्कळदा मोडी लिपीत, तर नंतरचे सरकारी उतारे कन्नडमध्ये आढळतात. एकाच घराण्यासाठी दोन लिप्यांचे वाचक शोधावे लागतात.