बडोद्याच्या दांपत्याची पृथ्वीप्रदक्षिणा

आमच्या मंडळाची एक जुनी रीत आहे. कोणी भगिनी लांबच्या प्रवासाहून परत आली म्हणजे पुढल्या मासिक सभेत तिने चार गोष्टी सांगावयाच्या. पूर्वी काशी-रामेश्वराच्या हकिगती होत, मग चारधामाच्या होऊ लागल्या, आणि आता मुले-नातवंडे परदेशी असल्यामुळे अमेरिका व ऑस्ट्रेलिया घरोघर पोहोचली आहेत. गेल्या वर्षी मीही चार महिने मुलाकडे राहून आले आणि रीतीप्रमाणे बोलले. नायगारा झाला, दुकाने झाली, तिकडची थंडी झाली. सभा संपल्यावर आमच्यातील एका वडीलधाऱ्या भगिनीने हळूच विचारले, "सगळे छान सांगितलेस ग, पण तिकडून आपल्या मंडळासाठी काय आणलेस?"

"चॉकलेटे आणली की, मावशी," मी म्हणाले. सर्वजणी हसल्या. मीही हसले. परंतु घरी आल्यावर तो प्रश्न काही केल्या मनातून जाईना. म्हणून स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा ठरविले, की आपल्या प्रवासाचे पुराण पुरे. ज्यांनी जग पाहिले आणि पाहिलेले घरी आणून वाटले, अशा एका दांपत्याची हकिगत सांगावी. ते दांपत्य म्हणजे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड व महाराणी चिमणाबाईसाहेब.

सयाजीराव मूळचे आपल्या नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे. १८६३ साली शेतकरी कुटुंबात जन्मलेला हा गोपाळ १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि १८८१ च्या अखेरीस त्यांच्या हाती राज्यकारभार आला. त्यांची पहिली पत्नी तंजावरची. तिचे सासरचे नावही चिमणाबाईच होते. ती १८८५ साली क्षयाने गेली. बडोद्याच्या न्यायमंदिराला जे नाव आहे ते तिचे. त्याच वर्षाच्या अखेरीस देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई सून म्हणून आल्या. त्याच आपल्या या लेखातील चिमणाबाई.

लग्नाच्या वेळी त्या अगदी कोवळ्या वयाच्या होत्या. शिक्षण बेताचे, वागणूक पडद्यातली. महाराजांनी त्यांच्यासाठी शिक्षक ठेवले. स्वतः महाराजही दत्तक आल्यानंतरच अक्षरे गिरवावयास बसले होते, त्यामुळे उशिरा शिकणाऱ्याचे कष्ट त्यांना ठाऊक होते. या दोघांच्या संसारातील ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. एकाने शिकून दुसऱ्याला मागे ठेवावयाचे नाही.

पहिला परदेशप्रवास १८८७ साली घडला. महाराजांना निद्रानाश जडला होता व डॉक्टरांनी हवापालट सांगितला होता. त्यावेळी समुद्र ओलांडणे म्हणजे धर्म बुडविणे, असे मानणारे लोक थोडे नव्हते. आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन आल्या आणि त्याच १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास वारल्या, हे ध्यानात घेतले म्हणजे काळ कळतो. अशा काळात महाराज राणीला घरी न ठेवता बरोबर घेऊन बोटीवर चढले. महाराणी पडदा पाळीतच निघाल्या होत्या. बंद पडद्याआडून पाहिलेले युरोप कसे दिसले असेल, असे मला नेहमी वाटते. आपण खिडकीची जागा मिळाली नाही म्हणून रुसतो!

यानंतर दोघांचे प्रवास वरचेवर होऊ लागले. ही गोष्ट इंग्रज सरकारला रुचली नाही. १९०० साली लॉर्ड कर्झन यांनी परिपत्रक काढून, संस्थानिकांनी सरकारच्या परवानगीवाचून परदेशी जाऊ नये, असे बजावले. महाराजांना हा अपमान फार झोंबला. पुढे पॅरिसला मादाम कामांसारख्या देशभक्तांशी या दांपत्याचा संबंध असल्याचा संशय सरकारला आला आणि गुप्त पोलिसांची नजर त्यांच्यावर राहू लागली. ज्याच्या राजवाड्यात शेकडो नोकर, त्याला प्रवासासाठी परवानगीची चिठ्ठी लागावी, यावरून पारतंत्र्य म्हणजे काय ते समजते.

१९०६ साली ती दोघे अमेरिकेस जाऊन आली; आणि १९१० साली त्यांनी खरी पृथ्वीप्रदक्षिणा केली. या खेपेस ती पश्चिमेकडून न जाता पूर्वेकडून निघाली. चीनच्या किनाऱ्याने जपान, जपानहून पॅसिफिक महासागर ओलांडून अमेरिका, आणि तेथून अटलांटिक ओलांडून इंग्लंड. त्यावेळी प्रवासी विमाने नव्हती. सारा प्रवास बोटीचा आणि आगगाडीचा. अमेरिकेत त्यांचे चिरंजीव जयसिंगराव हार्वर्ड विद्यापीठात शिकत होते, म्हणजे आपल्यापैकी पुष्कळजणींप्रमाणे या आईच्या मनातही मुलाला पाहण्याची ओढ असणारच. जपानचे महत्त्व त्यावेळी निराळेच होते. १९०५ साली जपानने रशियाचा पराभव केल्यापासून सारे आशियाई लोक जपानकडे आशेने पाहत होते. आपल्यासारखाच पूर्वेकडील देश, आपली रीत न सोडता शिकतो कसा आणि उभा राहतो कसा, हे पाहावयाची उत्सुकता बडोद्याच्या राजालाही होती.

आता मावशींचा प्रश्न. त्यांनी काय आणले?

महाराजांनी एक ग्रंथपाल आणला! अमेरिकेत गावोगावची मोफत वाचनालये पाहून महाराजांच्या मनाने घेतले, की शाळा काढल्या तरी शाळा सोडल्यावर वाचावयास काही नसेल तर शिकलेले अक्षर विसरून जाते. बडोदा राज्यात १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला होता आणि १९०६ साली ते सर्व राज्यास लागू झाले होते. मुलींनाही ते लागू होते. या नव्या साक्षरांना पुस्तके हवी होती. तेव्हा विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास १९१० साली बडोद्यास बोलाविण्यात आले. तो १९१३ पर्यंत राहिला. महाराजांनी आपल्या खाजगी संग्रहातील सुमारे २०,००० पुस्तके मध्यवर्ती ग्रंथालयास दिली. त्यात स्त्रियांसाठी व मुलांसाठी निराळी सोय होती. आणि ज्या खेड्यात वाचनालय नाही तेथे पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठविण्याची व्यवस्था झाली. पेटी गावात यावी, लोकांनी वाचावी, मग ती पुढे जावी व दुसरी यावी. पाण्याचा पाट जसा शेताकडे न्यावा तशी पुस्तके माणसाकडे नेली.

महाराणींनी काय आणले? त्यांनी एक ग्रंथ आणला. १९११ साली 'हिंदी जीवनातील स्त्रीचे स्थान' अशा अर्थाच्या नावाचे त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. श्री. एस. एम. मित्रा हे त्यांचे सहलेखक होते. पुस्तक म्हणजे प्रवासवर्णन नव्हे. परदेशांतील स्त्रिया संस्था कशा चालवितात, शेती, गृहकला, अध्यापन, रुग्णालये अशा क्षेत्रांत त्यांना कोणते धंदे खुले झाले आहेत आणि त्यातले आपल्या देशात काय करता येईल, याचा तो विचार आहे. पुरुषांशी भांडून नव्हे, तर त्यांच्या सहकार्याने स्त्रियांनी पुढे यावे, आणि परक्यांचे नुसते अनुकरण करू नये, असा त्याचा सूर आहे. ज्या मुलीच्या हाती लग्नानंतर पुस्तक पडले, तिने पंचवीस वर्षांनी स्वतःच्या नावाने पुस्तक काढले, हे केवढे अंतर! बडोद्याहून अमेरिकेचे अंतर त्यापुढे काहीच नाही.

येथे एक शंका माझ्या मनात आली ती लपवून ठेवीत नाही. हिंदी स्त्रियांसाठी लिहिलेले पुस्तक, पण भाषा इंग्रजी. त्यावेळी इंग्रजी वाचणाऱ्या स्त्रिया कितीशा होत्या? आणि राजाराणीचा प्रवास म्हटला की खर्च खजिन्याचा, म्हणजे पर्यायाने रयतेचा. हे पुस्तक तेवढेच राहिले असते, तर मी हा लेख लिहिला नसता. परंतु १९१४ साली बडोद्यास महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय निघाले. गरजू स्त्रियांनी शिवण व हातकाम शिकून आपल्या पायावर उभे राहावे हा त्याचा हेतू. पुस्तक ज्यांना वाचता आले नाही, त्यांच्यापर्यंत ते असे पोहोचले.

याची साक्ष मी घरातलीच देऊ शकते. माझ्या आईची आत्या बडोद्यास दिलेली होती. विसाव्या वर्षी कपाळ पुसले गेले, पदरात एक मुलगी. दिरांच्या घरी राबून खावयाचे, नाही तर माहेरी परत यावयाचे, एवढेच दोन रस्ते. तिने तिसरा धरला. उद्योगालयात जाऊन शिवण शिकली. मी तिला पाहिले ते तिच्या म्हातारपणी. नऊवारी आलवण, जाड भिंगाचा चष्मा आणि पुढ्यात हातमशीन. महाराणीसाहेबांना तिने एकदाच, दुरून, मोटारीतून जाताना पाहिले होते. "त्या कुठे कुठे फिरल्या ते मला काय ठाऊक! पण त्या फिरल्या म्हणून मी कुणाच्या दारात फिरले नाही," असे ती म्हणे. त्या मशीनवर तिने मुलीला शिकविले व तिचे लग्न केले.

त्याच १९१४ साली, न्यायमंदिरातील सभेत महाराणी पडदा सोडून उघडपणे महाराजांच्या शेजारी बसल्या. १८८७ साली पडद्यातून निघालेली राणी, सत्तावीस वर्षांनी आपल्याच गावात पडद्याबाहेर आली. मला यात एक फार खरी गोष्ट दिसते. परदेशात मोकळे वागणे त्या मानाने सोपे. तेथे आपल्याला ओळखते कोण? आपल्या गल्लीत, आपल्या माणसांच्या देखत, तसेच वागणे हे खरे धाडस.

तरीही थोर माणसांना देव करू नये. या सुधारक घरातच एक कसोटीचा प्रसंग आला. कन्या इंदिराराजे आईवडिलांबरोबर जग पाहून वाढलेली. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांशी तिचा विवाह ठरला होता. शिंदे महाराजांचे एक लग्न आधीच झालेले होते. १९११ च्या दिल्ली दरबारात तिची कुचबिहारच्या राजपुत्राशी, जितेंद्र नारायण यांच्याशी ओळख झाली आणि तिने स्वतःच ग्वाल्हेरला पत्र लिहून ठरलेले लग्न मोडले. घरात हलकल्लोळ झाला. आईवडिलांचा कडवा विरोध होता. अखेर १९१३ साली लंडनमध्ये लग्न झाले, पण आईवडील मांडवात नव्हते. स्त्रियांच्या स्थानावर ग्रंथ लिहिणाऱ्या आईला स्वतःच्या मुलीची निवड मान्य करता आली नाही. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी या त्याच इंदिराराजेंच्या कन्या. हे वाचून मी महाराणींना नावे ठेवू लागले, आणि मग माझ्याच घरातील एक प्रसंग आठवून गप्प बसले. जग फिरून आले तरी आपल्या उंबऱ्याची लांबी ओलांडावयास फार वेळ लागतो, भगिनींनो!

पुढे १९२७ च्या जानेवारीत पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. त्याच्या अध्यक्षस्थानी चिमणाबाईसाहेब होत्या. विषय मुलींच्या शिक्षणाचा होता. पडद्याआडून युरोप पाहणारी ती मुलगी आता साऱ्या देशातून आलेल्या स्त्रियांसमोर उभी होती. महाराज १९३९ साली निवर्तले. महाराणींनी १९५८ पर्यंत आयुष्य पाहिले. म्हणजे स्वातंत्र्यही पाहिले, संस्थान विलीन झालेलेही पाहिले आणि स्त्रियांना मताचा अधिकार मिळालेलाही पाहिला.

आता थोडे आपल्याविषयी. सभासदांना आठवत असेल, की आपल्या खोलीतील पुस्तकांचे कपाट रद्दीत काढून तेथे खुर्च्या ठेवाव्यात, असा ठराव कार्यकारिणीपुढे आला होता. पुस्तके न्यावयास कोणी येत नाही, हे कारण. त्या ठरावास अनुमोदन देणारा हात माझा होता. हा लेख लिहिण्यासाठी म्हणून मी ते कपाट बऱ्याच दिवसांनी उघडले. पुस्तकांवर धूळ होती, तशीच मागच्या पिढीतील भगिनींच्या हातची, सुवाच्य अक्षरातील नोंदवही होती. एकेका पुस्तकापुढे वीस-वीस सह्या. कोणी येत नाही हे खरे. पण आपण तरी कोठे गेलो? आपल्यापैकी किती जणींचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत, हे मला माहीत असावयास हवे होते.

तेव्हा वर्धापनदिनाच्या सभेत मी माझे अनुमोदन परत घेणार आहे, आणि एक सूचना मांडणार आहे. बडोद्याची पेटी आपणही करावी. एका पेटीत दहा पुस्तके, एका इमारतीत एक महिना, मग पुढल्या इमारतीत. पहिली पेटी उचलून नेण्याचे काम माझ्याकडे असू द्यावे.

मावशी, तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यावयास वर्ष लागले. अमेरिकेहून मी चॉकलेटेच आणली होती, हे खरे. पण बडोद्याहून ही एक पेटी आणली आहे. तिच्यातले पहिले पुस्तक तुम्ही निवडावे.