आर्त्वा काउंटीचा वारसातंटा व त्यांतील बनावट पत्रें

वतनाचे तंटे, त्यांतील महजर आणि त्या महजरांत मधूनमधून सांपडणारे बनावट कागद यांचा परिचय या त्रैमासिकाच्या वाचकांस नाहीं असें नाहीं. जुन्या दप्तरांत असा कागद निघाला व तो खोटा ठरला, म्हणजे संग्राहक बहुधा तो बाजूस टाकतो. कित्येकदां फेकूनहि देतो. हें करणें बरोबर नाहीं, असें आमचें मत पुष्कळ दिवसांपासून आहे. त्या मतास बळकटी देणारें एक प्रकरण फ्रान्सच्या उत्तर भागांतील आर्त्वा नांवाच्या काउंटीच्या इतिहासांत आढळतें, तें येथें सादर करीत आहों. देश परका व काळ सुमारें सातशें वर्षांमागचा असला, तरी तंटा आत्या व भाचा यांचा असून त्याचें स्वरूप आपल्या वाचकांस मुळींच परकें वाटणार नाहीं.

आर्त्वा ही काउंटी फ्लँडर्सच्या दक्षिणेस असून तिचें मुख्य शहर आरास होय. तेथील विणलेले चित्रपडदे यूरोपांत इतके नांवाजलेले होते कीं, इंग्रजी भाषेंत अशा पडद्यांस त्या शहराचेंच नांव पडलें. हा मुलूख मूळ फ्लँडर्सचा. इ. स. ११८० मध्यें फ्लँडर्सच्या काउंटाची भाची इसाबेल हिचा विवाह फ्रान्सचा राजपुत्र फिलिप (पुढें फिलिप ऑगस्टस म्हणून प्रसिद्ध झालेला राजा) याच्याशीं झाला, तेव्हां तो आंदण म्हणून फ्रान्सच्या राजघराण्याकडे आला. म्हणजे आर्त्वाचें हस्तांतर आरंभींच एका स्त्रीच्या द्वारें झालें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. पुढें आठव्या लुईनें आपल्या मृत्युपत्रांत हा प्रांत धाकट्या मुलांपैकीं रोबेर यास नेमून दिला व नवव्या लुईनें १२३७ मध्यें भावास त्याचा काउंट केलें. हा पहिला रोबेर १२५० मध्यें मिसर देशांत मन्सूरा येथील लढाईंत पडला. त्याच वर्षीं, बापाच्या मृत्यूनंतर, जन्मलेला मुलगा तो दुसरा रोबेर. यानें अर्धशतकाहून अधिक काळ काउंटपद भोगलें आणि ११ जुलै १३०२ रोजीं कूर्त्रे येथें फ्लँडर्सच्या पायदळाशीं लढतांना तोहि मारला गेला.

तंट्यास आरंभ येथून होतो. दुसऱ्या रोबेरचा मुलगा फिलिप हा फ्लँडर्सच्या मोहिमेंतील जखमांनीं १२९८ मध्येंच, म्हणजे बापाच्या हयातींत वारला होता. फिलिपास रोबेर नांवाचा मुलगा होता व तो १३०२ मध्यें अवघा पंधरा वर्षांचा होता. दुसऱ्या बाजूस मृत काउंटाची मुलगी माहो ही हयात होती. ती बर्गंडीचा काउंट ओत्तो याची स्त्री. वारस कोण? मयत मुलाचा मुलगा, कीं जिवंत मुलगी?

मिताक्षरेच्या परंपरेंत वाढलेल्या आपल्या वाचकास हा प्रश्नच वाटणार नाहीं. बाप मेला असला तरी नातू बापाच्या जागीं उभा राहतो व आजाच्या धनांत बापाचा वांटा घेतो, ही गोष्ट आपल्या अंगवळणीं पडलेली आहे. त्यामुळें हें प्रकरण प्रथम वाचतांना आमचीहि सहानुभूति सहजच तरुण रोबेरकडे गेली. परंतु आर्त्वाचा रिवाज निराळा होता. तेथें मयत मुलाच्या जागीं नातू येत नसे; मृताच्या जवळचें जें जिवंत अपत्य तें वारस, मग तें मुलगी कां असेना. फ्रान्सच्या इतर पुष्कळ प्रांतांत रोबेरचा हक्क मान्य झाला असता, पण आर्त्वांत आर्त्वाचाच रिवाज चालावयाचा. त्याप्रमाणें माहो काउंटेस झाली.

रोबेर वयांत आल्यावर त्यानें दावा मांडला. चौथ्या फिलिप राजानें १३०९ मध्यें निवाडा माहोच्या बाजूनें दिला. यावर एक आक्षेप घेतां येण्यासारखा आहे व तो त्या काळींहि घेतला गेला असावा: माहोची मुलगी जान हिचा विवाह १३०७ मध्यें याच राजाच्या दुसऱ्या मुलाशीं, म्हणजे फिलिप याच्याशीं झाला होता. न्यायाधीश माहोचा व्याही होता! रोबेरास पुढें बोमों-ल-रोजेची जहागीर मिळाली खरी, पण आजाच्या काउंटीपुढें तिची मातब्बरी ती काय?

माहो ही करडी व हिशेबी बाई होती. तिचा मुख्य सल्लागार तियेरी द इर्सों नांवाचा पाद्री. त्याच्यावर आर्त्वांतील सरदारांचा मोठा रोष होता. १३१६ मध्यें हे सरदार उठले व रोबेर त्यांस जाऊन मिळाला. या धामधुमींत एदँ येथील माहोचा वाडा लुटला गेला. त्या लुटींत गेलेल्या वस्तूंची यादी माहोच्या कारकुनांनीं पुढें केली, ती उपलब्ध असून छापलीहि गेली आहे. तींत ग्रंथांचीहि नोंद आहे. हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं ती अवश्य पाहावी. तंट्यानें राज्यें बुडतात तशीं पुस्तकेंहि बुडतात, आणि बुडालेल्या पुस्तकांची आठवण कधीं कधीं अशा फिर्यादीच्या कागदांतच उरते.

याच वर्षीं फ्रान्सच्या सिंहासनाचाहि प्रश्न उपस्थित झाला. दहावा लुई वारला; त्याचा मरणोत्तर जन्मलेला मुलगा पांच दिवस जगला; मागें एक अल्पवयीन मुलगी राहिली. तिला बाजूस सारून लुईचा भाऊ, माहोचा जांवई, पांचवा फिलिप म्हणून गादीवर बसला. ९ जानेवारी १३१७ रोजीं रँस येथें त्याचा राज्याभिषेक झाला, तेव्हां राज्यांतील प्रथम श्रेणीच्या सरदारांत काउंटेस या नात्यानें माहो हजर होती. पुतणीस स्त्री म्हणून मुकुट नाकारणाऱ्या राजाच्या अभिषेकांत एक स्त्री स्वतःच्या हक्कानें सरदारांच्या पंक्तीस उभी राहिली! दहाव्या लुईवर विषप्रयोग केल्याचा आरोप माहोवर आला, पण १३१७ मध्येंच ती निर्दोष ठरली. पुढच्या वर्षीं, १३१८ मध्यें, याच राजानें आर्त्वाचा दुसरा निवाडा दिला. तोहि सासूच्या बाजूनें. मुकुटास एक नियम व काउंटीस दुसरा, अशी ही विसंगति कित्येक लेखकांस खटकते. आम्हांस ती तितकी मोठी वाटत नाहीं. मुकुटाचा प्रश्न ठरविण्यास तेव्हां पूर्वीचा दाखला नव्हता. आर्त्वास स्वतःचा रिवाज होता व १३०९ चा निवाडा होता.

इतकें झाल्यावर तंटा संपावयास हवा होता. परंतु १३२८ मध्यें काळ फिरला. माहोच्या घराण्याशीं संबंधित असलेली राजशाखा पुरुषसंतानावांचून संपली आणि व्हालुआ शाखेचा सहावा फिलिप राजा झाला. याची बहीण रोबेरची पत्नी होती, आणि त्यास गादीवर बसविण्यांत रोबेरनें मनापासून खटपट केली होती. म्हणजे व्याही गेला, जांवई गेला, आणि आतां मेहुणा न्यायासनावर आला. रोबेरनें १३२९ मध्यें दावा पुन्हां उभा केला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत माहो वारली. तिची मुलगी जान हीहि पुढल्या जानेवारींत वारली. लोकांत विषाची कुजबूज झाली. पुरावा कांहीं नाहीं. काउंटीवर आतां त्या जानची मुलगी, बर्गंडीचा ड्यूक यूद याची पत्नी, हक्क सांगूं लागली. तिचेंहि नांव जानच.

रोबेरपाशीं मेहुणा होता, वशिला होता. नव्हता फक्त कागद. तो पुरविणारी बाई दिव्हियों. तिचेंहि नांव जान, पण घोटाळा टाळण्यासाठीं आम्ही तिला दिव्हियोंच म्हणतों. वर उल्लेखिलेला तियेरी मरणापूर्वीं आरासचा बिशप झाला होता. ही त्याच्या जवळची स्त्री. तो १३२८ मध्यें वारला. बिशपापाशीं दडवून ठेवलेले कागद आपल्या हातीं आले आहेत, असें दिव्हियोंनें सांगितलें आणि पत्रें पुढें आलीं. त्यांचा आशय असा: फिलिप व ब्लांश यांच्या विवाहाच्या वेळीं दुसऱ्या रोबेरनें काउंटी फिलिपास व त्याच्या संततीस करारानें दिली होती, आणि तो करार माहोच्या सांगण्यावरून आपण लपविला, अशी बिशपाची कबुली.

चौकशी झाली आणि सर्व उघडकीस आलें. आरास येथील एका गृहस्थापाशीं दुसऱ्या रोबेरची खरी मोहोर लाविलेलें जुनें पत्र होतें. दिव्हियोंनें तें विकत घेतलें, मेणाची मोहोर काढून ती नव्या चर्मपत्रास जोडली. मजकूर तिच्या कारकुनानें लिहिला, व अक्षराचें वळण ओळखूं येऊं नये म्हणून त्यानें नेहमींच्या पिसाच्या लेखणीऐवजीं धातूची लेखणी वापरली. १३३१ मध्यें पॅरिसच्या वरिष्ठ न्यायमंडळानें पत्रें खोटीं ठरविलीं. दिव्हियोंस त्याच वर्षीं ऑक्टोबरांत पॅरिस येथें जिवंत जाळण्यांत आलें. रोबेर वारंवार बोलावणीं येऊनहि हजर झाला नाहीं. एप्रिल १३३२ मध्यें त्यास हद्दपारीची शिक्षा होऊन त्याची मालमत्ता जप्त झाली.

आतां आमचा मुद्दा. हीं पत्रें खोटीं होतीं, एवढें म्हणून बहुतेक लेखक पुढें जातात. परंतु बनावट कागद करणारा मनुष्य आपल्या दाव्यांतील भोंक नेमकें कोठें आहे तें पाहूनच कागद करीत असतो. दिव्हियोंच्या टोळीनें काय बनविलें तें पाहावें. आर्त्वांत नातवास वारसा मिळतो असा एखादा जुना दाखला त्यांनीं बनविला नाहीं. मृत्युपत्र बनविलें नाहीं. बनविला तो विवाहप्रसंगींचा करार. रिवाजास बाजूस सारण्याचें सामर्थ्य काउंटानें स्वतः लग्नांत दिलेल्या वचनांतच असूं शकतें, हें त्यांस माहीत होतें. अर्थात् १३०९ व १३१८ चे निवाडे नात्याच्या जोरावर कसेहि झाले असोत, रिवाज माहोच्या बाजूचा होता ही गोष्ट १३२९ मध्यें खुद्द रोबेरच्या पक्षासहि मान्य होती, असा आमचा तर्क आहे. माहोस नुसती हडप करणारी म्हणणाऱ्यांनीं या बनावट पत्रांचीच साक्ष काढून पाहावी. तिच्या पक्षाच्या कोणत्याहि खऱ्या कागदापेक्षां ही साक्ष अधिक वजनदार आहे, कारण ती शत्रूची आहे.

दुसरें असें कीं, सत्तावीस वर्षें हा करार कोठें होता, या शंकेचें उत्तर म्हणून कबुली बनवावी लागली, आणि ती मेलेल्या बिशपाच्या नांवावर. आपल्याकडील खोट्या महजरांत सर्व साक्षीदार कैलासवासी झालेले असतात, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. तिसरी गोष्ट मोहोरेची. मोहोर खरी मिळविण्यासाठीं पैसा खर्च झाला. अक्षर मात्र केवळ ओळखूं येऊं नये इतकेंच पाहिलें, जुन्या लेखकाच्या वळणाचें अनुकरण केलें नाहीं. यावरून त्या काळीं त्या देशांत पत्राचा प्राण मोहोरेंत मानीत, अक्षरांत नव्हे, हें स्पष्ट दिसतें. असें ज्ञान खऱ्या पत्रांवरून इतकें ठळकपणें मिळत नाहीं.

रोबेरचें पुढील चरित्र थोडक्यांत सांगतों. ब्राबांतमार्गें तो इंग्लंडांत तिसऱ्या एडवर्डच्या आश्रयास गेला. सहाव्या फिलिपनें २४ मे १३३७ रोजीं एडवर्डचा ग्युयेन प्रांत जप्त केला, तेव्हां दिलेल्या कारणांत या हद्दपार शत्रूस आश्रय दिल्याचें कारण होतें. शंभर वर्षांच्या युद्धाचा सर्व दोष रोबेरच्या माथीं मारणारे जुने बखरकार अतिशयोक्ति करतात, कारण ग्युयेनची कुरबूर फार जुनी. पण निमित्त त्यानें पुरविलें हें खरें. १३४० मध्यें तो आर्त्वांतीलच सँ-तोमेर शहरावर सैन्य घेऊन चालून गेला व पराभव पावला. आजाच्या मुलुखांत तो शेवटीं शिरला तो असा. १३४२ मध्यें ब्रिटनी प्रांतांतील व्हान येथें झालेल्या जखमांनीं त्याचा अंत झाला.

काउंटी मात्र बर्गंडीच्या जानकडे राहिली. तिचा मुलगा फिलिप १३४६ मध्यें एग्वियों या गांवाच्या वेढ्यांत वारला व ती स्वतः १३४७ मध्यें वारली, तेव्हां वारस राहिला तो तान्हा नातू, फिलिप द रूव्र. म्हणजे बाप आजीच्या आधीं गेलेला. अगदीं रोबेरचीच स्थिति! परंतु येथें दुसरें अपत्य हयात नव्हतें, म्हणून मुकाबला करणारें कोणी नव्हतें व प्रश्नच उद्भवला नाहीं. हा फिलिप १३६१ मध्यें अल्पवयांत वारल्यावर काउंटी त्याच्या आजीची बहीण मार्गरेत हिच्याकडे गेली. ही फ्लँडर्सच्या काउंटाची विधवा. १३८२ मध्यें तिचा मुलगा लुई द माल काउंट झाला. तो दोन वर्षांनीं वारला. त्याची मुलगी दुसरी मार्गरेत ही बर्गंडीचा ड्यूक फिलिप याची पत्नी, तिच्याबरोबर काउंटी बर्गंडीच्या मोठ्या राज्यांत मिसळली. १४७७ मध्यें त्या घराण्याचा शेवटचा ड्यूक पडला आणि पुन्हां एका मुलीच्या, मारीच्या, हक्कावरून हॅप्सबर्ग घराण्याचा तीवर दावा आला. बहुतेक आर्त्वा फ्रान्सकडे परत आली ती १६५९ च्या पिरेनीजच्या तहानें.

माहोच्या दप्तरांतील हिशेबाच्या गुंडाळ्या व सनदा आरास येथील सरकारी दप्तरखान्यांत आहेत. त्यांच्या आधारें रिशार यानें १८८७ मध्यें तिचें चरित्र प्रसिद्ध केलें. रोबेरविरुद्धच्या खटल्याचें हस्तलिखित पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत असून त्यांत राजा व सरदार न्यायसभेंत बसल्याचें रंगीत चित्र आहे.